पांढरी चार

देवपूर, धुळे
१२ नोव्हेंबर १९८८

लोटन,

जयभीम. आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. पाटबंधारे खात्यात दिवसभर लोकांच्या पत्रांना उत्तरं लिहून त्याचा हात दुखत असेल, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "माले तरी लिखाले पाहिजे त्यानी." तिला वाचता येत नाही आणि आता फारसं दिसतही नाही, पण शेजारची पोरं वाचून दाखवतात. तेव्हा मला नको, तिला तरी लिही.

आता कामाचं. आपल्या कॅसेटचं वाजवून झालं. नाशिकला दोन दिवस चौदा माणसं एका बंद खोलीत कोंडली होती. पंखासुद्धा लावू देत नाहीत, कारण त्याची घरघर टेपमध्ये येते. सुपडूच्या ढोलाला तर त्यांनी खोलीबाहेर काढलं आणि दार किलकिलं ठेवून बाहेरून वाजवायला लावलं. तो अजून रुसलेला आहे. आठ गाणी झाली. आठही माझ्या चाली, आपल्या अहिराणीत, हळदीपासून पाठवणीपर्यंत. नाव 'दारमा मांडो'. आवाज मागाहून भरायचा अशी तिकडची रीत आहे. आधी वाद्यं, मग गायक एकटा जाऊन कानाला यंत्र लावून गातो. म्हणजे प्रत्येक गाण्यात तुझी जागा रिकामी ठेवली आहे.

सगळं पेटीवरच्या पांढरी चारमध्ये वाजवलं. तुझी पट्टी. दुसऱ्या कुठल्या पट्टीत वाजवणार? सात वर्षं आपल्या पोरांची बोटं तिथेच बसली आहेत. रेकॉर्डिंगवाला मला म्हणाला, "मास्तर, आधी गायक आणा, मग पट्टी धरा. हे उलटं काय चाललंय?" मी म्हटलं, गायक ठरलेला आहे. जळगावला नोकरीला आहे, रजा मिळाली की येईल.

तेव्हा ये. जानेवारीपर्यंत कधीही, एक दिवस. तिथे लग्न नाही, मांडव नाही. कुणाच्या दारात पुन्हा गाणार नाही म्हणालास, तर स्टुडिओ हे कुणाचं दार नव्हे.

पारोळ्याकडच्या त्या लग्नाबद्दल मी लिहिणार नव्हतो. बँडवाल्यांची पंगत गोठ्याजवळ बसवली होती, हे मलाही दिसत होतं. मी आंधळा नाही. पण पोरं सकाळपासून उपाशी होती. तू माइक खाली ठेवून "उठा" म्हणालास, मी "बसा" म्हणालो. एवढंच झालं. त्यावरून माणूस सख्ख्या भावाचं तोंड बघत नाही, असं मी तरी ऐकलेलं नाही.

गाडीवरचा बोर्ड बदललेला नाही. 'आधार लोटन बँड पार्टी' असंच आहे. पेंटर विचारायला आला होता, त्याला परत पाठवला.

तुझा,
आधार


देवपूर, धुळे
५ फेब्रुवारी १९८९

लोटन,

तू आला नाहीस. बरं झालं. तू आला असतास तर सुकदेव मिळाला नसता.

हा पारोळ्याचा. आपल्यातलाच, वय पंचवीस. जयंतीच्या कार्यक्रमांत एका गायन पार्टीत गायचा, ती पार्टी मोडली. घरी बायको आहे, कुंदाबाई, आणि दोन वर्षांची मुलगी. माणूस इतका गरीब स्वभावाचा की त्याला रागवायचं तर आपल्यालाच आधी पाणी प्यावं लागतं. मला भाऊ म्हणतो. मी उभा असलो की बसत नाही. हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिलं आहे.

आवाज भरदार आहे. तुझ्यासारखा वर चढणारा नाही, खालचा आहे, ऐकताना पोट भरल्यासारखं वाटतं. त्याची पट्टी काळी दोन. म्हणजे तुझ्याहून दोन सूर खाली. तू म्हणशील, मग पांढरी चारमध्ये वाजवून ठेवलेल्या गाण्यांत तो गायला कसा? गायला. आठही गाणी गायला. रेकॉर्डिंगवाल्याने यंत्रात काही जुळवाजुळव केली. ती भानगड तुला सांगून काय उपयोग, तुला आता त्यातलं काय करायचं आहे?

फक्त एवढं सांगतो की पहिलं गाणं तयार होऊन बाहेरच्या स्पीकरच्या डब्यातून वाजलं, तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. सुकदेव माझ्या शेजारी उभा होता. त्याने मला विचारलं, "भाऊ, हाऊ कोन गाई ऱ्हायना?" मी म्हटलं, तूच गातोस, यंत्रात असं ऐकू येतं. पहिल्यांदा सगळ्यांनाच आपला आवाज परका वाटतो.

परतीच्या बसमध्ये तो मालेगावपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. पहिली कॅसेट म्हणजे माणूस भारावून जातोच.

आईने तिळाचे लाडू केले होते. कुणी जळगावला जाणारं मिळालं नाही, म्हणून आम्हीच संपवले.

आधार


देवपूर, धुळे
२० जून १९८९

लोटन,

कॅसेट आखाजीच्या सणाला बाहेर आली आणि काय सांगू! देवपुरात ज्या गल्लीत झोका बांधलेला, त्या गल्लीत 'दारमा मांडो'. माहेरी आलेल्या पोरी आमच्या गाण्यावर झोके घेत होत्या. एरंडोलच्या बसस्टँडवर रसवंतीवाला लावतो. शिरपूरच्या एका दुकानदाराने दोनदा मागवल्या. वरच्या कागदावर सुकदेवचं नाव आहे, फोटो माझा आहे. तो म्हणाला होता दोघांचा घाला, पण जागा लहान होती.

हंगामात एक दिवस रिकामा गेला नाही. हे तुला कळावं म्हणून लिहितो, कारण तू जाताना म्हणाला होतास की माझ्याशिवाय तुझा बँड आवाज नसलेल्या पिपाण्यांचा ढीग आहे. चौदा माणसांसमोर म्हणाला होतास.

एक बारीकशी अडचण आहे. लग्नात लोक सुकदेवला म्हणतात, कॅसेटसारखं म्हण. त्याला ते जमत नाही. कॅसेटमधला आवाज वर आहे, पातळ आहे, सरसर धावतो. हा प्रत्यक्षात गायला लागला की लोक एकमेकांकडे बघतात. चोपड्याकडे एका नवरदेवाच्या मामाने तर सरळ विचारलं, खरा गायक का आणला नाही? सुकदेव माझ्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, आपन काळी दोनमा वाजाडू ना. मनाघाई वर जावाव नही." मी दोन गाणी त्याच्यासाठी खाली घेतली. पण वाजवणाऱ्यांची बोटं चुकतात, ट्रंपेट भलतीकडे, क्लॅरिनेट भलतीकडे. शेवटी सोडून दिलं. म्हटलं, वर जायची सवय कर. सवयीने सगळं होतं. आता जिथे त्याचा आवाज पोचत नाही, तिथे ट्रंपेटवाले जोरात फुंकतात आणि झाकून नेतात.

आईने कॅसेट ऐकली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ओट्यावर बसली होती, शेजारी लागली, तशी ताडकन उठली. "हाऊ ते मना लोटन शे! कव्हय उना रे? जेवना का?" घरभर हात लावून तुला शोधत होती. मी काही बोललो नाही.

तुझा,
आधार


देवपूर, धुळे
१८ मार्च १९९०

लोटन,

दीड वर्षाने तुझं कार्ड आलं, तेही उघडं, पोस्टमनने वाचलेलं. "माझा आवाज चोरून दुसऱ्याच्या नावावर विकतोस. मी इथे विहारात दर रविवारी सांगतो की लग्नात दारोदार वाजवणं सोडा, आणि खाली चौकात माझ्याच आवाजात वऱ्हाडाची गाणी वाजतात. लोक माझ्या तोंडावर हसतात. जुनी टेप कुठून काढलीस ते मला माहीत नाही. बंद कर." वाक्यं पाठ झाली आहेत, म्हणून लिहिली.

मी चोर नाही. हे पहिलं.

तुला सगळं सांगतो, मग तूच ठरव. टेपमध्ये तू नाहीस. नाशिकला सुकदेव पांढरी चारमध्ये चढेना. तासभर ओरडून त्याचा घसा लाल झाला. तेव्हा रेकॉर्डिंगवाला म्हणाला, एक उपाय आहे. टेपचं स्पूल सावकाश फिरवायचं. सावकाश फिरलं की सगळं वाजवणं दोन सूर खाली येतं, काळी दोनमध्ये. त्यावर हा आपल्या आवाजात आरामात गाईल. मग स्पूल पुन्हा नेहमीच्या वेगाने सोडायचं. वाजवणं होतं तिथे परत जातं आणि त्याच्याबरोबर याचा आवाजही दोन सूर वर जातो. बारीक होतो, पळायला लागतो. तसंच केलं. आणि तो वर गेलेला आवाज तुझा निघाला, लोटन. हुबेहूब तुझा. यात माझा काय गुन्हा?

रेकॉर्डिंगवाला तेव्हा म्हणाला होता, "मास्तर, महिनाभर थांबा. वाजवणं पुन्हा काळी दोनमध्ये करा. या माणसाचा आवाज चांगला आहे, तो येऊ द्या." सुकदेवही तेच म्हणत होता, हात जोडून. मी नको म्हटलं. का म्हटलं, ते तुला कळत असेल तर कळू दे. पहिलं गाणं वाजलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो, हे मी तुला लिहिलं होतं. उठून दाराकडे बघितलं, हे लिहिलं नव्हतं. मला वाटलं तू आलास.

आणि आईला मी खोटं बोललो. काही बोललो नाही असं लिहिलं, ते खरं नाही. ती म्हणाली लोटन आला का, मी म्हटलं हो, येऊन गाऊन गेला, घाईत होता. ती तेव्हापासून ज्याला त्याला सांगते. जळगावला दिलेल्या शेजारच्या लीलाबाईने तिच्याकडूनच ऐकलं आणि तिकडे पसरवलं. तुझ्या तोंडावर लोक हसतात, ते माझ्यामुळे. हे कबूल. आणि त्या गोठ्याजवळच्या पंगतीत मी नुसता बसलो नाही, दुसऱ्यांदा वाढ म्हणून ताटही पुढे केलं. तू पाठमोरा चालत होतास, तुला दिसलं नसेल. मला भूक नव्हती. तुला दाखवायचं होतं.

पण चोर नाही. तुझा विश्वास बसत नसेल तर येऊन ऐक. सहा मे, रविवार, तुला सुट्टी. एरंडोलला लग्न आहे, जळगावहून तासाभराचा रस्ता. चार वाजता वरात जानवशावरून निघेल. सुकदेव आठही गाणी कॅसेटसारखी गाईल, पांढरी चारमध्ये, ट्रंपेट झाकणार नाहीत. तू रस्त्याच्या कडेला उभा राहा. मांडवात येऊ नकोस, माझ्याशी बोलू नकोस. फक्त ऐक आणि तो वेगळा माणूस आहे हे डोळ्यांनी बघ.

हे झाल्यावर तुला परत यावंसं वाटलं, तर बोर्ड तसाच आहे.

तुझा भाऊ,
आधार


देवपूर, धुळे
९ मे १९९०

लोटन,

आलास! मला वाटलंच होतं तू येशील.

मी बघितलं तुला. सोडावॉटरच्या गाडीमागे, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. ऊन तोंडावर होतं म्हणून चेहरा नीट दिसला नाही. पण तू ऐकताना डोक्यावर हात ठेवतोस, तसा ठेवला होतास. मी सुपडूला खूण केली, तोही म्हणाला, लोटनच आहे.

मग काय विचारतोस! सकाळीच मी सुकदेवला सगळं समजावून सांगितलं होतं. म्हटलं, आज माझा भाऊ ऐकायला येतोय. तू कॅसेटसारखा गायलास तर मी चोर ठरणार नाही, नाही तर माझं तोंड काळं झालं. तो म्हणाला, "भाऊ, दोन गाना गास. आठ नही व्हवाव." मी म्हटलं, आठ. तो हो म्हणाला. नाही म्हणायची त्याला सवयच नाही.

पहिली तीन गाणी त्याने बरी ओढली. चौथ्याला आवाज फाटला, तेव्हा मी मागे वळून क्लॅरिनेटने सूर दिला आणि हाताने 'वर, वर' केलं. तू बघत होतास ना. तो गेला वर! पाचवं, सहावं, सातवं. गळ्याच्या शिरा बोटाएवढ्या फुगल्या होत्या, पण गेला. एरंडोलच्या त्या पेठेत लोक नाचायचे थांबून त्याच्याकडे बघत होते. मांडवाच्या दाराशी पाठवणीचं गाणं घेतलं, त्याच्या शेवटच्या ओळीला मात्र आवाज आला नाही, नुसता वारा आला. मी क्लॅरिनेटवर ती ओळ पुरी केली. मागे बघितलं तर तू निघून गेला होतास. बस चुकेल म्हणून गेला असशील.

सुकदेवचा घसा बसला आहे. थुंकीतून थोडं लाल पडलं. उन्हाने होतं असं. मी त्याला ज्येष्ठमध दिलं आहे, दोन दिवसांत येईल आवाज. त्याला तुझ्याबद्दल सांगितलं, की तू शेवटपर्यंत उभा होतास. तो मान हलवून हसला.

आता तू लिही. चोर नाही, एवढे दोन शब्द लिही. बाकी काही नको.

आधार


देवपूर, धुळे
२ जुलै १९९०

लोटन,

तुझं कार्ड मिळालं. या वेळी पाकिटात घातलंस, बरं केलंस.

तू एरंडोलला आलाच नव्हतास. जिल्हा कचेरीतून रविवारी काम आलं, असं लिहितोस. खरं असेल. मग सोडावॉटरच्या गाडीमागे कोण होतं? कुणीतरी होता. पांढरा शर्ट घातलेला, उन्हाने डोक्यावर हात ठेवलेला कुणीतरी. त्याच्यासाठी मी सुकदेवला सात वेळा वर चढवलं.

त्याचा आवाज गेला. दोन दिवसांत आला नाही, दोन आठवड्यांत आला नाही. धुळ्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं. म्हणाले, आतल्या पडद्याला जखम झाली, रक्त साकळलं, आता जाड गाठ धरली आहे. बोलणं थोडंफार होईल, गाणं नाही. मी विचारलं, खालच्या पट्टीत तरी? ते म्हणाले, कुठल्याच नाही. कुंदाबाई बाहेर बाकावर बसली होती. मला वाटलं शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, त्यासले आते पोरले हाक मारता येत नही. ती दुसरा घरमा खेये, ह्या टाया वाजाडतस." पोरगी शेजारी खेळत असली की तो टाळ्या वाजवून बोलावतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्यांना इथेच राहा म्हटलं. राहिले नाहीत. तो पारोळ्याला मेव्हण्याकडे गेला. बाजार समितीच्या आवारात बारदान शिवतो.

तुझं कार्ड घेऊन मी परवा तिथे गेलो. मधल्या सुट्टीत तो शेडच्या सावलीत बसला होता. मी म्हटलं, लोटनचं कार्ड आहे, तुझ्याबद्दल. त्याने वाचा अशी खूण केली. मी वाचलं, जसं आहे तसं: "कॅसेट चार वेळा ऐकली. तो मी नाही. तुला चोर म्हणालो ते मागे घेतो. सहाव्या गाण्यात आई लेकीला उंबऱ्यात थांबवते, तिथे हा गायक ओळीच्या मधेच श्वास घेतो. मी तिथे कधीच घेतला नसता, एका दमात पुढे गेलो असतो. पण त्याच्या त्या श्वासाने पुढचा शब्द जड होतो. मला ती ओळ ऐकवत नाही. फार मोठा गाणारा आहे. तो कुठे गाणार असेल तिथे येईन. रस्त्यावर उभा राहीन, पण येईन."

मला तो श्वास चांगला आठवतो. नाशिकला त्यावरून मी त्याला झापलं होतं. स्पूल सावकाश फिरत होतं, ओळ लांबली होती, मला वाटलं याचा दम पुरला नाही. "एवढी ओळ एका दमात निघत नाही आणि गायक म्हणवतोस," असं मी त्याला रेकॉर्डिंगवाल्यासमोर बोललो. पुन्हा घ्यायला लावणार होतो, पण आमची वेळ संपली, म्हणून ते राहून गेलं. मला वाटत आलं की आठ गाण्यांत तेवढी एक चूक राहिली.

सुकदेवने बोटाने परत वाचा अशी खूण केली. दुसऱ्यांदा वाचलं. मग त्याने मला जवळ बोलावलं, कारण त्याचं बोलणं हातभर अंतरावरूनही ऐकू येत नाही. कानाशी तोंड आणून म्हणाला, "भाऊ, तो श्वास मी मुद्दाम लिधा व्हता."

एवढं बोलून त्याला खोकला आला. मग उठून कामाला गेला.

लोटन, तू जळगावात बसून, यंत्राने बिघडवलेल्या आवाजात ते ऐकलंस. मी दीड वर्ष त्याच्या शेजारी उभा होतो. बाप आपला क्लॅरिनेट वाजवायचा, मी तीस वर्षं वाजवतो, लोक मास्तर म्हणतात, आणि मला ऐकू आलं नाही. मी त्याच्यात तुलाच शोधत होतो. जिथे तू सापडला नाहीस, तिथे मी चूक म्हटलं.

त्याची खरी पट्टी मी पुरती कधी ऐकलीच नाही. दोन गाणी लग्नात खाली घेतली, तीही पोरांची बोटं चुकली म्हणून अर्धवट सोडली. त्याचा आवाज जसा होता तसा आता कुठेच नाही. टेपमध्येही नाही; नाशिकचं स्पूल त्यांनी केव्हाच पुसून दुसऱ्या गाण्यांना वापरलं. कॅसेट हळू वाजवून बघितली, इथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मशीन सैल करून. वेग एकसारखा राहत नाही, नुसता घोगरा गोंधळ ऐकू येतो.

आईला मी खरं सांगितलं. की गाणारा लोटन नव्हता, सुकदेव होता. तिने विचारलं, तो जेवून जायचा का आपल्याकडे? मी म्हटलं, हो, बऱ्याचदा. ती म्हणाली, मग मला तेव्हाच का नाही सांगितलं, मी त्याच्याशी बोलले असते.

दिवाळीनंतरच्या लग्नांची बोलणी आली होती, मी घेतली नाहीत. पोरं दुसऱ्या बँडमध्ये जातील, जाऊ देत. तू रागावून गेलास ते बरोबर होतं की मी बसून जेवलो ते, हा वाद मी आता घालत नाही. तुला परत ये असंही लिहीत नाही. ते लिहायला मला आता तोंड राहिलेलं नाही.

तुला ऐकायला यायचं होतं. ऐकायला काही नाही, तरी ये. पण देवपूरला नको. पारोळ्याला उतर, बाजार समितीच्या आवारात उजव्या हाताची शेवटची शेड. तो दाभण घेऊन खाली मान घालून बसलेला असेल. लांबून हाक मारलीस तर त्याला उत्तर देता येणार नाही, जवळ जाऊन बस. जे मला लिहिलंस ते त्याला सांग, तुझ्या तोंडाने. माझ्या तोंडून ऐकलेलं त्याला पुरणार नाही.

आधार